उतरत्या दाराची स्प्रिंग



आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांस वाटेल की, हा लोहारकामाचा विषय आहे. शहरातील सुशिक्षित कुटुंबाने तो कशासाठी ऐकावा? त्यांना माझी विनंती इतकीच की, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्याचा एक चिमटा काढून हाती घ्यावा. त्याच्या दोन पायांच्या मधोमध पोलादी तारेचे तीन-चार वेढे दिसतील. पाय दाबले की वेढ्यांना पीळ बसतो आणि सोडले की ते पूर्वस्थितीस येऊ पाहतात. चिमट्याची पकड ती याच पिळाची पकड होय. हेच वेढे बोटाएवढ्या जाड तारेचे करून दोन मण वजनाच्या दारास जोडले म्हणजे आजचा आपला विषय तयार होतो. फरक एवढाच की, चिमटा सटकला तर बोट लाल होते आणि ती मोठी स्प्रिंग सटकली तर हात जायबंदी होतो.

दारे दोन जातींची असतात. आपल्या घरांची, जुन्या वाड्यांची आणि गावच्या वेशींची दारे उभ्या अक्षावर फिरतात. दार कितीही जड असो, त्याचे वजन बिजागऱ्या किंवा खालची उखळी सोसते. ढकलणाऱ्यास केवळ घर्षणाशी झगडावे लागते. म्हणूनच हत्तीने न फुटणारी वेस शिपाई एकटा लोटू शके. दुसरी जात खालच्या कडेस बिजागऱ्या असलेल्या दाराची. ते उघडताना मागे झुकते, आडवे होते आणि अखेरीस जमिनीवर टेकून गाडीत चढण्याचा उतार बनते. इंग्रजीत यास रॅम्प डोअर म्हणतात. मी यास उतरते दार म्हणणार आहे. ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या मागे असणारा फाळका हा या कुळातील धाकटा भाऊ. या दाराचे वजन बिजागरी सर्वस्वी सोसत नाही. दार जसजसे झुकते तसतसे त्याचे वजन उघडणाऱ्याच्या हातावर येऊ लागते, आणि हात निसटला तर ते दार कोणाची वाट पाहत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या ट्रॉल्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, हे दृश्य या भागातील प्रत्येकाने पाहिले असेल. कोयत्यांच्या जोड्या, त्यांची लेकरे, भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या असा सारा संसार त्या ट्रॉलीत असतो. मुक्काम आला की कोणीतरी फाळक्याच्या कड्या काढतो आणि तो धाडकन खाली येतो. त्या वेळी मागे कोण उभे आहे हे पाहण्याचे काम नशिबावर सोपविलेले असते. जनावरांची वाहतूक तर आणखी नाजूक. १९७८ सालच्या प्राणी वाहतूक नियमांत गुरे नेणाऱ्या मोटारवाहनास खास प्रकारचा मागील फाळका आणि बाजूंना मऊ अस्तर असावे, असे सांगितले आहे. आणि रेल्वेच्या वाघिणीतून फलाटावर गुरे उतरविताना वाघिणीचे खाली पाडलेले दारच उतार म्हणून वापरण्यास त्यांत मुभा आहे. म्हणजे दार तेच, आणि पूलही तोच. पुणे व मुंबई येथील शर्यतींचे घोडे बंदिस्त गाड्यांतून ये-जा करतात, त्यांचीही चढउतार अशाच उतारावरून होते. विलायतेत आणि अमेरिकेत मोटारीमागे जोडण्याच्या बंदिस्त ट्रेलरांस अशी दारे सर्रास असतात आणि त्यांच्या स्प्रिंगा मापानुसार दुकानात मिळतात. आपल्याकडे गाडी गावातच बांधली जाते, म्हणून स्प्रिंगची निवडही गावातच करावी लागते. आणि घोटाळा होतो तो तेथेच.

स्प्रिंगचे काम काय, याविषयीच मुळात गैरसमज आहे. ती दार उचलते असे लोक समजतात. दार माणसानेच उचलावयाचे असते. स्प्रिंग दाराच्या वजनाचा मोठा हिस्सा स्वतःच्या अंगावर घेते एवढेच. जुन्या काळी विहिरीवर मोट चालत असे तेव्हा बैल भरलेली मोट ओढताना धावेच्या उतारावरून खाली जात. त्यांच्या अंगाचे वजन पाण्याच्या वजनाशी तोलले जाई. बाजारपेठेतील दुकानाचे गुंडाळणारे शटर पाहा. नीट बसविलेले शटर निम्म्यावर सोडले तर तेथेच उभे राहते, कारण वरच्या दांड्यावरील डब्यांत असलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा त्याचे वजन तोलून धरतात. शटर वर ढकलताना दुकानदाराचा मुलगा लोंबकळू लागला, तर शटर जड झाले नसून वरची स्प्रिंग थकली आहे, असे खुशाल समजावे.

आता हा तोल कसा साधावयाचा ते पाहू. माझा एक जुना विद्यार्थी लोखंडी दारे-खिडक्या बांधण्याचे वर्कशॉप चालवितो. त्याने एका शेळीपालकासाठी ट्रॅक्टरमागे जोडण्याचा बंदिस्त गाडा तयार केला. मागचे उतरते दार दीड मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच. चौकट, प्लायवुड आणि वरची रबरी चटई मिळून वजन ८० किलो. पहिल्या आठवड्यातच दार गड्याच्या हातून निसटले आणि त्याच्या पावलाची दोन हाडे मोडली. तेव्हा हा माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, स्प्रिंग टाकायची ठरवलं आहे, पण किती जोराची टाकू?’’

प्रश्न अगदी योग्य होता, आणि त्याचे उत्तर पाचवी-सहावीच्या तरफेच्या धड्यात आहे. ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनी आकडे मांडून पाहावे. दाराचे वजन त्याच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ०.९ मीटरवर एकवटले आहे असे मानता येते. दार आडवे असता त्याची फिरविण्याची शक्ती ८० गुणिले ०.९, म्हणजे ७२ किलो-मीटर होते. (हे रस्त्यावरचे किलोमीटर नव्हेत, किलो आणि मीटर यांचा हा गुणाकार आहे.) १.८ मीटर दूर असलेल्या बाहेरच्या कडेस धरून उचलणाऱ्यास त्यामुळे ४० किलो वजन लागते. दार अगदी उभे असता हीच शक्ती शून्य असते. आणि दार निम्म्यावर, म्हणजे ४५ अंशांवर झुकलेले असता ती ७२ ची निम्मी, म्हणजे ३६ नसते, तर सुमारे ५१ असते. येथे मेख आहे. दाराचा भार कोनाच्या ज्येप्रमाणे वाढतो, प्रथम भराभर आणि पुढे सावकाश. याउलट स्प्रिंगचा जोर पिळाच्या सरळ प्रमाणात वाढतो. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने हा नियम १६७६ साली अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपाने छापला आणि १६७८ साली उघड करून सांगितला: जितका ताण, तितका जोर. भार एका वाटेने वाढतो आणि जोर दुसऱ्या वाटेने. तेव्हा दोघांची गाठ प्रत्येक ठिकाणी पडणे शक्य नाही.

माझ्या विद्यार्थ्याने मी सांगेपर्यंत धीर धरला नाही. दार निम्म्यावरही चांगलेच जड लागते हे त्याच्या हाताला समजले होते, म्हणून निम्म्यावर दार बरोबर तोलून धरील अशी जाडजूड स्प्रिंगांची जोडी त्याने बसविली. ४५ अंशांवर ५१ चा जोर देणारी ती जोडी ९० अंशांवर १०२ चा जोर देणारच. दाराचा भार तेथे ७२. बाकी राहिलेले ३० दार वर उचलू पाहतात. म्हणजे बाहेरच्या कडेस १७ किलोंचा उफराटा रेटा. दार जमिनीवर टेकेना. गड्याने पाय देऊन टेकविले, बोकडे एकामागून एक उतरली, तोवर त्यांच्या भाराने ते दबून राहिले. आणि शेवटचे बोकड उतरताच दार उसळून गड्याच्या हनुवटीवर बसले. हा गडी दुसरा होता, पहिला अजून प्लास्टरमध्येच होता. दोन दात गेले. कमी जोराची स्प्रिंग पाय मोडते आणि अधिक जोराची दात पाडते, असे तो विद्यार्थी आता हसून सांगतो. ज्याचे दात गेले तो मात्र हसत नाही.

मग उपाय काय? स्प्रिंग अधिक जोरदार नव्हे, तर अधिक नरम घ्यावयाची आणि तिला आगाऊ थोडा पीळ देऊन बसवावयाची. या दारापुरते सांगावयाचे तर, दार बंद असतानाच जोडीत १२ चा जोर भरून ठेवला आणि दार आडवे होईपर्यंत तो ६० वर जाईल इतकी नरम स्प्रिंग घेतली, तर निम्म्यावर तिचा जोर ३६ होतो. भार ५१, बाकी १५. बाहेरच्या कडेस हाताला लागणारे वजन सुमारे ८ किलो. आडव्या स्थितीत भार ७२, जोर ६०. हाताला लागतात ७ किलोंच्या आत. पूर्वी जेथे ४० किलो उचलावे लागत होते तेथे आता पाण्याच्या अर्ध्या बादलीएवढे वजन उरले. आणि आणखी एक मोठा लाभ पदरात पडला: दार उभे असताना त्याचा स्वतःचा भार शून्य असतो आणि स्प्रिंगचा आगाऊ पीळ मात्र त्यास आत ओढून धरतो, त्यामुळे कडी काढताच दार अंगावर येत नाही, थोडे ओढल्यावरच ते निघते. पावले मोडण्याचा पहिला प्रसंग याच क्षणी घडला होता.

येथे कोणी विचारील की, आडव्या स्थितीतही ७ किलो कशाला शिल्लक ठेवावयाचे, पुरता तोल का साधू नये? कारण असे की, गाड्याचा तळ जमिनीपासून काही उंचीवर असतो. या गाड्याचा तळ ४० सेंटीमीटर वर आहे. दार जमिनीवर टेकेपर्यंत ते आडव्याच्याही खाली आणखी १२-१३ अंश झुकते. तेवढ्यात स्प्रिंग अधिक पिळली जाते आणि दाराचा भार मात्र किंचित घटतो. हिशेब केला तर जमिनीवर टेकताना कडेस जेमतेम २ किलो वजन उरते. आरंभी शिल्लक ठेवली नसती तर दार हवेत तरंगत राहिले असते. तरंगणारे दार माणसास गंमतीचे वाटते, शेळीस नाही. पायाखालची फळी हलली की ती अडते, मागची पुढचीवर चढते आणि पाय मोडून घेते.

दाराचे वजन अंदाजाने धरू नये. दार बसविल्यावर ते आडवे धरून बाहेरच्या कडेखाली घरातील साधा वजनकाटा ठेवावा. जो आकडा येईल तोच उचलणाऱ्याच्या हातावरचा भार. त्यास दाराच्या लांबीने गुणले की फिरविण्याची शक्ती मिळाली. एवढ्या एका मापाने सारा हिशेब सुटतो. मात्र हे माप दार पूर्ण सजल्यावर घ्यावे. पुष्कळदा स्प्रिंग आधी घेतली जाते, आणि मग शेळ्यांचे पाय घसरतात म्हणून दारावर तीन मिलिमीटर जाडीची नक्षीदार लोखंडी प्लेट ठोकली जाते. वरील मापाच्या दारास ती प्लेट सुमारे ६५ किलोंची होते. म्हणजे ८० किलोंसाठी निवडलेल्या स्प्रिंगेवर १४५ किलोंचे दार लादले गेले आणि दोष मात्र स्प्रिंगेच्या माथी आला. प्लायवुडच्या कडा रंगविलेल्या नसल्या तर पावसाळ्यात ते पाणी पिऊन जड होते, तेही लक्षात घ्यावे.

आता प्रत्यक्ष स्प्रिंगकडे वळू. अशी स्प्रिंग मागताना चार मापे सांगावी लागतात: तारेची जाडी, वेढ्याचा आतील व्यास, वेढ्यांची संख्या आणि वळण डावे की उजवे. यांपैकी तारेची जाडी सर्वांत निर्दय. वेढ्याचा व्यास आणि संख्या तीच ठेवून तार दहा मिलिमीटरऐवजी अकरा मिलिमीटरची घेतली, तर स्प्रिंगचा ताठरपणा दहा टक्क्यांनी नव्हे, सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. कारण तो जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. ‘थोडी जाड घेऊ, टिकेल’ हा जो आपला घरगुती हिशेब, तो येथे सपशेल फसतो. वेढ्यांची संख्या मात्र सौम्य आहे: वेढे दुप्पट केले की ताठरपणा निम्मा होतो. म्हणून जाणता कारागीर भार किती आहे हे पाहून तारेची जाडी ठरवितो आणि दार किती कोनातून फिरावयाचे आहे हे पाहून वेढ्यांची संख्या. आपणांस हवी असलेली नरम, आगाऊ पिळाची स्प्रिंग वेढ्यांनी लांब होते, तारेने बारीक नव्हे. जुन्या स्प्रिंगेच्या तारेची जाडी मोजण्याची सोपी युक्ती अशी की, एकमेकांस चिकटलेल्या वीस वेढ्यांची लांबी मोजावी आणि वीसने भागावे. एकाच वेढ्यावर पट्टी लावून केलेल्या मापात जी चूक होते ती अशाने विसांश होते.

डाव्या-उजव्या वळणाचा घोळ फार होतो. स्प्रिंग समोर उभी धरावी. दिसणाऱ्या बाजूचे वेढे उजवीकडे चढत असतील तर ती उजवी, डावीकडे चढत असतील तर डावी. साध्या बोल्टचे आटे उजवे असतात, त्याच्याशी ताडून पाहिले की शंका राहत नाही. दाराच्या दोन टोकांस दोन स्प्रिंगा असतील तर एक डावी आणि एक उजवी लागते, कारण दार झुकताना दोन्हींना पीळ आवळण्याच्याच दिशेने बसला पाहिजे. उलट बसलेली स्प्रिंग उकलण्याच्या दिशेने ताणली जाते आणि लवकर तुटते. जोडीतील दोन्ही स्प्रिंगा एका मापाच्या व एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. नाहीतर दार तिरपे उचलले जाते आणि एका बाजूची बिजागरी झिजू लागते. पीळ बसला की वेढ्यांचा व्यास थोडा आकसतो आणि स्प्रिंग किंचित लांब होते, म्हणून आतील दांडा बारीक असावा आणि टोकाशी थोडी फट सोडावी. गंमत म्हणजे जिला आपण पिळाची स्प्रिंग म्हणतो तिची तार पिळली जात नाहीच, ती वाकते. पिळली जाते ती स्प्रिंग. पण ही शास्त्रातील बारकाई झाली.

काही गाड्यांत स्प्रिंग बिजागरीशी नसून दाराच्या माथ्यावरील आडव्या दांड्यावर असते आणि तेथून पोलादी दोर दोन्ही बाजूंनी खाली येऊन दारास जोडलेले असतात. या रचनेत तार बारीक आणि वेढे पुष्कळ असतात, स्प्रिंग चिखलापासून दूर राहते आणि तळ मोकळा राहतो. बदल्यात दोर आणि कप्प्या यांची निगा पाठीस लागते. शेळ्या-वासरांच्या गाड्यास मला बिजागरीची स्प्रिंग अधिक पसंत आहे, कारण दोरात जनावराचे शिंग अडकते. सामानाच्या गाड्यास माथ्यावरची बरी. मोटारीच्या डिकीस असतात तसे वायू भरलेले दांडेही हल्ली लावतात; ते देखणे खरे, परंतु वर्षांमागून वर्षे त्यांतील वायू गळत जातो आणि एके दिवशी दार डोक्यावर येते तेव्हाच ते कळते. पोलादी स्प्रिंग निदान कुरकुरून सूचना देते.

धातूविषयी एक शब्द. स्प्रिंगेची तार वेगळ्या पोलादाची असते. भारतीय मानक ४४५४ हे अशाच तारेसाठी आहे. बांधकामाची सळई वाकवून केलेली स्प्रिंग दोन दिवसांत आळसावते. जुन्या मोटारीचे वेढे कापून आणण्याचा उद्योग आमच्याकडे होतो, तोही अविचाराचाच. ते वेढे दाबले जाण्यासाठी घडविलेले असतात, पिळले जाण्यासाठी नव्हे, आणि त्यांनी आयुष्य किती भोगले आहे हे कोणासच ठाऊक नसते. सर्वांत मोठे पाप म्हणजे स्प्रिंगेचे टोक दारास वेल्डिंगने डकविणे. त्या आचेने पोलादाचे पाणी उतरते आणि जोडाच्या शेजारीच, जेथे ताण अधिक असतो तेथे, ते काचेसारखे ठिसूळ होते. टोक खोबणीत किंवा बोल्टने धरलेल्या पकडीत बसवावे. आणि दारावर अन्यत्र वेल्डिंग करावयाचे असेल तर ठिणग्या स्प्रिंगेवर उडू नयेत म्हणून ती पत्र्याने झाकावी.

निगा फारशी कष्टाची नाही, पण ती नियमाने व्हावयास हवी. विलायती कारखान्यांतून गॅरेजच्या दारांच्या साध्या स्प्रिंगांस दहा हजार उघडझापींचे आयुष्य सांगतात. दिवसातून चार वेळा दार उघडले-मिटले तर ही सुमारे सात वर्षांची पुंजी झाली. आठवडी बाजारासाठी दोन-चार वेळा उघडणारा गाडा ती पुंजी उभ्या जन्मात संपविणार नाही. मग स्प्रिंगा तुटतात कशाने? गंजाने. तारेच्या पृष्ठभागावर गंजाचा एक बारीक खड्डा पडला की प्रत्येक पिळासरशी तेथून भेग आत सरकते आणि एके दिवशी बंदुकीसारखा आवाज होऊन तार दुभंगते. जनावरांच्या मूत्राने हा गंज फार लवकर धरतो. म्हणून गाडा रिकामा झाला की त्याच दिवशी बिजागरीकडील बाजू साध्या पाण्याने धुवावी, सुकू द्यावी आणि महिन्यातून एकदा वेढ्यांवर पातळ तेल सोडून जादाचे फडक्याने पुसून घ्यावे. घट्ट ग्रीस वेढ्यांवर थापू नये. आमच्याकडील उन्हाळ्यात काळ्या मातीची जी धूळ उडते ती ग्रीसमध्ये बसली म्हणजे कानशीच तयार होते. ग्रीस बिजागरीच्या खिळ्यास आणि कप्पीच्या आसास द्यावे, तेथे त्याचे काम आहे. पोलादी दोर असल्यास त्यावरून जाड फडके फिरवावे, उघडा हात नव्हे; फडके जेथे अडकेल तेथे दोराची एखादी तार तुटली आहे असे समजावे, आणि असा दोर गाठ मारून चालवू नये, बदलावा.

सहा महिन्यांनी दार आडवे धरून कडेखालचे वजन पुन्हा मोजावे. नवी जोडी बसविली त्या दिवशीचा आकडा दाराच्या आतील बाजूस रंगाने तारखेसह लिहून ठेवावा. सातचा आकडा बारा-पंधरावर गेला तर एक तर दार जड झाले आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. आगाऊ पीळ वाढवून तात्पुरते भागते. परंतु दरसाल पीळ वाढवीत जाणे म्हणजे थकल्या बैलास पराणी टोचणे होय. जोडीतील एक तुटली तर दोन्ही बदलाव्यात.

उघडतानाची शिस्तही निगेतच मोडते. गाडा ट्रॅक्टरपासून सोडलेला असेल तर मागे टेका लावल्याविना दार उघडू नये, कारण दारावर जनावरांचा भार आला की गाडा मागे कलंडून पुढचे टोक वर उचलले जाते. चाकांना दगड लावावेत. उघडणाऱ्याने दारासमोर नव्हे, बाजूस उभे राहावे. शेवटचे जनावर उतरले तरी दाराची कडा हातात आल्याशिवाय कोणी त्यावरून चालू नये. आणि स्प्रिंग कितीही भरवशाची असो, दोन्ही बाजूंना साखळी हवीच. साखळी ही स्प्रिंगेवरील अविश्वास नव्हे. स्प्रिंग तुटते त्या क्षणी उरणारा तोच एक हात असतो.

शेवटी स्प्रिंग काढण्या-बसविण्याविषयी. आपल्या हिशेबातील जोडीत, दार आडवे असताना, सुमारे ५९ किलोंचे ओझे एक मीटर उंच उचलण्याइतकी शक्ती साठलेली असते. ज्वारीच्या भरल्या पोत्यास कमरेहून वर नेणारी ही शक्ती तुटताना एका क्षणात मोकळी होते. म्हणून काढण्याचे काम दार बंद करून, कडी लावून आणि वर आणखी साखळीने बांधूनच करावे. एवढे करूनही जोर शून्य होत नाही, आगाऊ पीळ आत असतोच. आपल्या दाराच्या प्रत्येक स्प्रिंगेत तो ६ चा आहे. तीस सेंटीमीटरच्या सळईने ती सोडविताना सळईच्या टोकावर २० किलोंचा झटका मनगटास बसतो. माथ्यावरील दांड्याच्या रचनेत आणि दुकानाच्या शटरात हा आगाऊ पीळ याहून पुष्कळ अधिक असतो, म्हणून तेथे घरच्या माणसाने हात घालूच नये. बिजागरीच्या स्प्रिंगेस ज्याला हात घालावयाचा असेल त्याने भोकात घट्ट बसणाऱ्या दोन सळया घ्याव्यात, पेचकस वापरू नये. एक सळई भोकात पक्की बसल्याखेरीज दुसरी काढू नये, चेहरा सळईच्या फिरण्याच्या रेषेत आणू नये आणि पीळ चौथाई-चौथाईने मोजत उतरवावा. किती चौथाया उतरल्या तो आकडा खडूने गाड्यावर लिहून ठेवावा, कारण नवी स्प्रिंग त्याच मापाची असेल तर बसविताना तितक्याच चढवावयाच्या असतात.